खरवडलेलं लेबल

बाटलीवरचं लेबल खरवडलेलं दिसलं की मी ओळखायचे, या घरातलं मूल वाचायला शिकलं.

पांढरी प्लास्टिकची बाटली, आत तीस नाहीतर साठ गोळ्या. दर महिन्याला ती परत आणायची, उरलेल्या गोळ्या आम्ही मोजायच्या, मग नवी द्यायची, असा रिवाज. मूल लहान असेतो बाटली जशीच्या तशी यायची. पोरगं पहिली-दुसरीत गेलं की लेबलाचा एक कोपरा सोललेला दिसे. मग एखाद्या महिन्यात नखानं, सुरीनं, गरम पाण्यात बुडवून अख्खं लेबल काढलेलं. मागं राहायचा तो डिंकाचा चिकटा, आणि त्या चिकट्याला घर चिकटलेलं असायचं. मागवाल्यांची बाटली सुताच्या तुसानं केसाळ झालेली. विडीवालीची बाटली तपकिरी, तंबाखूच्या भुकटीनं. सोलापुरात कुणाच्या घरात कसलं काम चालतं ते मला केसपेपर न बघता कळायचं.

काही आया बाटलीत कापसाचा बोळा कोंबायच्या. एसटीत पिशवी हलली तर वाजायला नको.

मी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, समुपदेशक होते, बारा वर्षं, कंत्राटी. 'समुपदेशक' हा शब्द एकाही पेशंटच्या तोंडून मी ऐकला नाही. डॉक्टर तपासायचे, फार्मसीत गोळ्या मिळायच्या, आणि मी 'बोलायच्या मॅडम'. मोठ्यांशी बोलणं हळूहळू जमलं. पण एखाद्या लेकराला समोर बसवून 'तुला एचआयव्ही आहे' हे त्याचं त्यालाच सांगणं मला जमलं, असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. इथं लिहिलेल्यांची वयं, गल्ल्या, कामधंदे मी इकडचे तिकडं केलेत. बोलणं मात्र तेच ठेवलंय.

मूल विचारतंच. "मी रोज गोळी का खातो? दादा का नाही खात?" त्यावर घरोघरी उत्तरं तयार असत. रक्त कमी आहे. दमा आहे. लहानपणी टीबी झाला होता. एका बापानं पोराला सांगितलेलं, ही डोकं चालायची गोळी आहे. पोरगं दोन वर्षं इमानानं खात होतं. सहावीत गणितात नापास झालं, आणि त्यानं गोळ्या बंद केल्या. गुण येत नाही तर खायच्या कशाला? त्याचं चुकलं कुठं, सांगा. मोजायला बाटली आली तेव्हा बावीस गोळ्या जास्त. बाप त्याला माझ्यासमोर मारायला उठला.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली यावर एक मार्गदर्शिकाच काढली. शाळेच्या वयाच्या, म्हणजे सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्यांचा आजार सांगावा, त्याआधी वयाला झेपेल तसं थोडं थोडं सांगत यावं, असं तीत आहे. आमच्या ट्रेनिंगमध्येही तेच. तत्त्व बरोबर आहे. पण ते वाचून मी खुर्चीत येऊन बसायचे तेव्हा समोर मार्गदर्शिका नसायची, पदराचं टोक चावत बसलेली आई असायची.

माझी पहिली चूक आधी सांगते. नोकरीचं पहिलंच वर्ष. तेरा वर्षांचा पोरगा. आई रडेल म्हणून तिला मी बाहेर बाकावर बसवलं आणि तक्ते उलटत वीस मिनिटांत त्याला सगळं सांगून टाकलं. विषाणू, पेशी, सीडीफोर म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, गोळ्या. अधूनमधून "समजलं का?" आणि त्याचं "समजलं". मोठ्यांच्या 'समजलं का'वर 'समजलं' म्हणायचं, हे तर पोरं बालवाडीतच शिकतात! शेवटी मी गंभीर चेहरा करून म्हटलं, हे मोठं गुपित आहे बरं का.

मोठं गुपित पोरं कुणाला सांगतात? जिगरी दोस्ताला. त्याच संध्याकाळी कंबर तलावाच्या काठावर त्यानं ते दोस्ताला सांगितलं, दोस्ताकडून घरी गेलं, घराकडून गल्लीत. आठवड्याभरात वर्गात त्याच्या बाकावर तो एकटा. आईनं खोली बदलली. पाच महिने पोरगं सेंटरवर फिरकलं नाही, आलं तेव्हा गालफडं बसलेली. आई मला रागं भरली नाही, ते जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्याला आजार सांगितला. कुणाला का नाही सांगायचा, ते नाही सांगितलं."

त्यानंतर मी 'गुपित' हा शब्द टाकून दिला. गुपित म्हटलं की त्याला लाजेचा वास येतो, शिवाय ते फोडायची मजाही असते. मी एटीएमच्या पिनचं सांगायला लागले. पिन वाईट असतो का? नाही. मग आपण तो सगळ्यांना सांगतो का? नाही. आपला असतो म्हणून. पोरांना हे पटकन पटायचं. एका पोरीनं मात्र विचारलं, "आमच्याकडं एटीएमच नाही, मग?" तिच्यासाठी आईचं मंगळसूत्र कुठं ठेवलंय ते कामाला आलं.

दुसरा पोरगा दहा वर्षांचा, बाप यंत्रमागावर. त्याला अजून काही सांगितलेलं नव्हतं. १ डिसेंबरला, एड्स दिनाला, शाळांच्या फेऱ्या निघतात. आम्ही स्टाफचे लोक चार हुतात्मा पुतळ्यांपाशी उभे होतो. फेरी आली आणि पुढच्याच रांगेत हा. हातात पुठ्ठ्याची पाटी, लाल स्केचपेननं काढलेली वळणदार अक्षरं: 'एड्सला दूर ठेवा'. अक्षर चांगलं म्हणून गुरुजींनी त्यालाच पाटी दिली असणार. त्यानं मला बघितलं, ओळखीचं हसला आणि रिकामा हात हलवला.

मी हात हलवला नाही. रस्त्यात पेशंटला आपणहून ओळख द्यायची नाही, हा आमचा नियम. चांगला नियम आहे. 'ही बाई तुला कशी ओळखते रे?' या एका प्रश्नानं घरं हललेली मी बघितलीत. मी मान वळवून ट्रॅफिककडे बघत राहिले. घोषणा देत फेरी पार्क चौकाकडं गेली.

पुढच्या महिन्यात तो आला तो फुगूनच. "तुम्ही मला बघितलं नाही का?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. बापाला आत बोलावलं, दोघांनी मिळून त्या दिवशी सुरुवात केली. नाव नाही घेतलं. रक्तात एक बारीक जंतू आहे, तो गोळीनं झोपतो, गोळी चुकली की उठतो. पुस्तकात याला सैनिक आणि शत्रू अशी गोष्ट दिलीय. मी ती सांगायला लागले, पण पोराचं लक्ष नव्हतं. तो बापाकडं बघत म्हणाला, "म्हंजे लाईट गेल्यावर माग थांबतो तसं? बीमवर सूत तसंच राहतंय. लाईट आली की परत खटाखट."

बाप म्हणाला, "व्हय."

"मग गोळी म्हंजे मेन स्विच पाडून ठिवायचा."

मला बारा वर्षांत यापेक्षा चांगलं कुणी शिकवलं नाही. जंतू मरत नाही, माग मोडत नाही, सूत बीमवर तसंच असतं. स्विच मात्र रोज पाडायचा. पुढं रक्तातल्या विषाणूंच्या मोजणीचे रिपोर्ट यायला लागले, त्यावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे तपासणीत विषाणू सापडला नाही, असं असायचं. त्याचा अर्थही मी असाच सांगायचे. कारखान्यात कान लावला तर आवाज शून्य, पण माग आहे. आजाराचं नाव त्याला पुढं सातव्या-आठव्या भेटीत कळलं. ते ऐकून तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग मी ती पाटी कशाला धरली?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

जाता जाता एक. २०१७ साली एचआयव्ही-एड्सचा कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. भेदभाव करायचा नाही, कुणाचा आजार उघड करायचा नाही, हे त्यात आहेच. पण त्यात एक कलम असं आहे की वाचताना मी थांबले. घर एचआयव्हीच्या फेऱ्यात सापडलेलं असेल आणि बारा वर्षांवरचं समजूतदार मूल घराचा कारभार बघत असेल, तर ते आपल्या धाकट्या भावंडाचं पालक होऊ शकतं. शाळेत नाव घालणं, दवाखाना, बँकेचं खातं, सगळ्यासाठी. म्हणजे बारा वर्षांचं पोर भावाला सांभाळू शकतं, असं देशाच्या संसदेला वाटतं. आणि आमच्या बाकावर पंधरा वर्षांच्या पोराची आई सांगते, "लहान हाय ओ अजून, काय कळतंय त्याला."

खरं तर 'लहान आहे' हे कारण नसतंच. हे मला शिकवलं एका आजीनं.

आजी पासष्टीच्या, कुंभारीकडून यायच्या. विडीचं काम. गोळ्या मोजायला मी ट्रेमध्ये ओतल्या की माझं 'एक, दोन' होईतो त्यांनी मोजून झालेलं असायचं. बोटानं पाच-पाच सरकवत, पंचवीसला एक दम. हजार विड्या वळणाऱ्या हाताची ती सवय. नात अकरा वर्षांची. मुलाची मुलगी. मुलगा आणि सून दोघंही गेलेले. सरकारनं १ एप्रिल २००४ ला मोफत औषधं सुरू केली खरी, पण ती सुरुवातीला मोजक्या मोठ्या हॉस्पिटलांत. मुलगा त्याआधीच गेला, सून २००५ ला. भाऊकीतले म्हणाले, पोरीला पंढरपूरला मंगलताई शहांच्या 'पालवी'त ठेव, तिथं अशी मुलं सांभाळतात. आजी म्हणाल्या, मी मेल्यावर ठेवा.

पोरीला सांगायचा विषय काढला की आजींचं ठरलेलं. आधी म्हणाल्या, न्हाण येऊ दे. मग, दहावी होऊ दे. एकदा तर म्हणाल्या, लग्न ठरलं की सांगू. मी वैतागून म्हटलं, आजी, तेव्हा तिला नाही, नवऱ्याला सांगावं लागेल! एका मंगळवारी पोरीला बाहेर बसवून त्या आत आल्या. "सांगा की तुम्हीच एकदाचं. मी बाहेर बसते."

"आजार मी सांगेन. पण ती विचारेल, मला कुठून आला. मग?"

"आईकडून म्हणा."

"आणि आईला?"

आजींची बोटं मांडीवर चालायला लागली. मांडीवर सूप नव्हतं, पान नव्हतं, तरी अंगठा आणि तर्जनी विडी वळत होती.

मुलगा भिवंडीला मागावर होता. इकडं काम कमी झालं तसे बरेच जण गेले, तसा तोही गेला. आजारी होऊन परत आला, दीड वर्षात संपला. मागोमाग सुनेची तपासणी झाली. गल्लीत कुजबुज सुरू झाली तेव्हा आजी ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "माझ्या लेकाला हिनंच दिला." एकदा नाही, येईल त्याला. सून त्याच घरात भाकरी थापत ते ऐकत होती, मरेपर्यंत. मग ऐकायला पोरगी उरली. नळावर भांडण झालं की गल्लीतल्या पोरी तिला म्हणायच्या, तुझी आई तसली होती.

"लेक गेलेला ओ माझा," आजी म्हणाल्या. "त्यालाच वर नावं ठिवू?"

मला सीडीफोर शिकवलं होतं, गोळ्यांचे दुष्परिणाम शिकवले होते. एका पोरीच्या आजाराखाली सासूचं खोटं असं थराथरानं रचलेलं असतं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. पोरीला खरं सांगायचं तर आजींना आधी स्वतःचं बोलणं मागं घ्यावं लागणार होतं, तेही नातीसमोर.

त्या रात्री झोप येईना तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडं ताप येतो. कावीळ होते. टीबी लागतो. गोवर-कांजिण्या तर देवीच्या नावानं येतात आणि जातात. त्यात कुणी काही केलेलं नसतं. मराठीत आजार आपला आपण होतो. हा एकच आजार 'दिला' जातो. 'कुणी दिला?' हे क्रियापद एकदा घरात शिरलं की करणारा शोधावाच लागतो, आणि करणारी बहुतेक वेळा सूनच निघते. आता सुनेच्या जागी लेकाला उभं करायचं आणि तिला सोडवायचं, हेही मला नको होतं. त्याला कुठून आला हे आजींना माहीत नव्हतं, मला नव्हतं, कदाचित त्यालाही नसेल. पोरीला गुन्हेगार नको होता. तिला नुसतं क्रियापद बदलून हवं होतं.

पुढच्या भेटीला मी आजींना म्हटलं, "तुम्हीच सांगा. फक्त 'दिला' म्हणायचं नाही. 'झाला' म्हणायचं." त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की ही बाई सरकारी पगार घेऊन व्याकरण शिकवते की काय.

पोरगी खुर्चीच्या टोकावर बसलेली. तोवरच्या चार-पाच भेटींत जंतू, माग, स्विच सगळं झालेलं होतं. नाव राहिलं होतं. नाव मी घेतलं. ती म्हणाली, "म्हाईत हाय. विज्ञानाच्या मॅडमनी सांगितलंय. ते मला हाय व्हय?" मी हो म्हटलं. मग खोलीत बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

आजी भिंतीकडं बघत बोलल्या, "तुझ्या बापाला झाला. मग तुझ्या आईला झाला. ती पोटुशी होती, मग तुला झाला."

पोरगी मला काहीच विचारेना. मरेन का, लग्न होईल का, यातलं काही नाही, ज्याची तयारी मी रात्रभर केलेली. तिनं आजीकडं तोंड केलं.

"म्हंजे आईनं काय केलं नव्हतं?"

"न्हाई."

"चांगली होती?"

आजींची बोटं थांबली. "चांगली होती," त्या म्हणाल्या. "भाकरी लई पातळ करायची. कडक झाली की पापडावानी. मला न्हाई जमली तसली कधी."

मी उठून पाणी आणायला गेले. पाणी टेबलावरच होतं.

मला विचारायचे प्रश्न नंतर आले, महिन्याला एक असे, केसपेपरबरोबर. चुलत भावाला का नाही झाला? जेवताना त्याचं उष्टं खाल्लं तर? मी डॉक्टर होऊ शकते का? एकदा जाताजाता दारातून, "मला बाळ झालं तर त्याला होणारच ना?" मी तिला परत बसवलं. औषध नसेल तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना होतो, म्हणजे तेव्हाही सगळ्यांना होत नाही. आईनं औषधं नीट घेतली तर शंभरात पाचापेक्षाही कमी. तिनं बोटांवर काहीतरी हिशोब केला. मग विचारलं, "माझ्या आईला का नाही दिली गोळी?" मी तारखा सांगितल्या. दोन हजार चार, मोठी हॉस्पिटलं. तारखांनी तिचं समाधान झालं नाही. माझंही कधी झालेलं नाही.

सांगितल्यानंतर महिन्याभरानं बाटली आली तेव्हा मी सवयीनं लेबल बघितलं. नव्हतं. खरवडलेलं. मला जरा वाईट वाटलं. म्हटलं, "आजी, आता तिला माहीत आहे की. अजून कशाला खरवडता?"

"मी न्हाई," आजी म्हणाल्या.

"मी काढलं," पोरगी म्हणाली. "आजी अर्धवटच काढायची. समोरच्या घरातला पोरगा इंग्लिश मीडियमला हाय, त्याला सगळं वाचता येतंय." तिनं बाटली माझ्या हातात दिली. "खोबरेल लावून ठिवायचं रातभर. चिकटा पण जातोय मग."

बाटली गुळगुळीत होती. तंबाखूचा कण नव्हता तिच्यावर. नुसता खोबरेलाचा वास.